नारायण विनायक जगताप यांचा पहिला कथासंग्रह : ‘यक्षांची देणगी’

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले आणि त्यांच्या पुस्तकांकडे अनेक वाचक नव्याने वळले. या वाचनात आदराचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे. केंब्रिजचे रँग्लर, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे शिष्य आणि सहसंशोधक, पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक, पद्मविभूषण, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, एवढी सारी ओळख मनात ठेवूनच वाचक त्यांचे कथापुस्तक उघडतो आणि मग कथेच्या गुणदोषांपेक्षा लेखकाची थोरवीच डोळ्यांपुढे राहते. मौज प्रकाशनाने १९७९ साली काढलेल्या ‘यक्षांची देणगी’ या त्यांच्या पहिल्या विज्ञानकथासंग्रहाचे परीक्षण लिहिताना मी ही ओळख जाणीवपूर्वक बाजूला ठेवणार आहे. तसे करण्याला खुद्द लेखकाचाच आधार आहे, कारण कथालेखक म्हणून पहिले पाऊल टाकताना त्यांनी स्वतःचे नाव झाकून ठेवले होते. हा संग्रह एका नवोदिताचा आहे आणि नवोदिताच्या पुस्तकाला जी कसोटी लावायची तीच त्याला लावली, तर तो अधिक उजळून निघतो, असे माझे ठाम मत आहे.

ती हकिकत अनेकांनी ऐकलेली असली तरी तिच्यातले तपशील मोलाचे आहेत. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. अहमदाबादच्या एका परिसंवादात रटाळ व्याख्यान चालू असताना नारळीकरांनी हाताशी असलेल्या कागदावर कथा लिहायला घेतली आणि ती पुढे १९७४ सालच्या स्पर्धेसाठी पाठवली. दोनच वर्षांपूर्वी ते इंग्लंडहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. हॉईल यांच्यासह १९६४ साली मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव देशात सर्वतोमुखी झाले होते आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच पद्मभूषणही मिळाले होते. अशा नावानिशी कथा गेली असती, तर परीक्षकांची पंचाईतच झाली असती. म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडली की ते तयार होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगला नारळीकर यांनी, ज्या स्वतः गणिताच्या अभ्यासक होत्या, कथेची प्रत आपल्या अक्षरात उतरवून दिली. त्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि जगताप कोण, याचा उलगडा त्यानंतर झाला.

या घटनेचा उल्लेख बहुतेक वेळा एक गमतीदार आठवण म्हणून केला जातो. मला तो एका साहित्यिक कारकिर्दीचा पहिला आणि सर्वांत प्रामाणिक टप्पा वाटतो. ज्याच्या नावावर संपादकांनी डोळे मिटून पाने राखून ठेवली असती, त्या माणसाने अनोळखी स्पर्धकांच्या रांगेत उभे राहणे पसंत केले. विज्ञानात शोधनिबंध जसा तज्ज्ञ परीक्षकांच्या हाती सोपवायचा असतो, तशीच आपली कथाही तिऱ्हाइताच्या हाती द्यावी, ही वृत्ती त्यामागे दिसते. आणि ज्या परीक्षकांनी जगताप नावाच्या, कधीही न ऐकलेल्या लेखकाला पहिला क्रमांक दिला, त्यांच्याही वाट्याला या श्रेयाचा अर्धा भाग आला पाहिजे. स्पर्धा, मासिक आणि प्रकाशन गृह अशी साखळी मराठीत त्या वेळी जागती होती, म्हणूनच ‘यक्षांची देणगी’ हे पुस्तक होऊ शकले.

मराठीत विज्ञानकथा तेव्हा अगदीच नवखी नव्हती. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मुलांच्या हाती दिल्या होत्या. नारायण धारप, द. पां. खांबेटे, भालबा केळकर यांनी या वाटेवर लेखन केले होते. तरीही तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बरीचशी मुलांचे साहित्य किंवा रहस्यरंजन अशीच होती. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत किंवा वेधशाळेत वावरणाऱ्या माणसाला आपल्या विषयातून कथा सुचते आणि ती प्रौढ वाचकाने गांभीर्याने वाचावी अशी तो लिहितो, याची सवय वाचकांना व्हायची होती. हॉईल यांनी १९५७ साली स्वतः विज्ञान कादंबरी लिहिली होती, त्यामुळे संशोधकाने कथा लिहिणे यात काही कमीपणा आहे असे त्यांच्या शिष्याला वाटण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात मात्र तो नवा पायंडा होता.

स्पर्धेनंतरचा दुसरा टप्पा ‘किर्लोस्कर’ मासिकाचा. मुकुंदराव किर्लोस्करांच्या संपादनाखालील या मासिकाने नारळीकरांच्या विज्ञानकथा छापल्या आणि त्या मध्यमवर्गीय मराठी घरांत पोहोचल्या. आज संग्रह वाचताना मासिकासाठी लिहिण्याचा हा संस्कार जागोजागी जाणवतो. कथा एका बैठकीत संपतात, पहिल्या पानातच काहीतरी विपरीत घडल्याची चाहूल लागते आणि शास्त्रीय भाग कोणालाही ओलांडता येईल इतपतच उंच ठेवलेला असतो. ज्या घरात मासिक आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वाचतात, त्या घराला गृहीत धरून केलेले हे लेखन आहे. त्याचे काही तोटेही झाले, त्यांच्याकडे मी पुढे येईन.

तिसरा टप्पा कराडचा. १९७५ साली तिथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. ते संमेलन आणीबाणीच्या काळातले आणि दुर्गाबाईंच्या निर्भय भूमिकेमुळे इतिहासात नोंदले गेलेले. लोककथा, निसर्ग आणि संस्कृती यांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या विदुषीने अशा प्रसंगी एका नव्या वाङ्मयप्रकाराकडे लक्ष वेधावे, ही साधी गोष्ट नाही. पहिल्या कथेला पारितोषिक मिळून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती आणि पुस्तक निघायला अजून चार वर्षे होती. नवोदित लेखकाला एवढ्या लवकर आणि एवढ्या वरच्या व्यासपीठावरून मान्यता मिळाल्याची उदाहरणे आपल्याकडे फारशी नाहीत. २०२१ साली नाशिकला भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद त्याच लेखकाकडे आले, तेव्हा प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष हजर राहू शकले नाहीत.

चौथा टप्पा म्हणजे हे पुस्तक, आणि ते मौजेने काढले याला फार महत्त्व आहे. इंदिरा संतांच्या कविता आणि पु. ल. देशपांडे यांची ‘व्यक्ती आणि वल्ली’ ज्या प्रकाशनाने काढली, त्याच प्रकाशनाने विज्ञानकथांचा संग्रह आपल्या यादीत घेतला. श्री. पु. भागवतांच्या काळातली मौज हस्तलिखिताच्या बाबतीत किती काटेकोर होती, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पुस्तक विक्रेत्याच्या दुकानात ते बालसाहित्याच्या किंवा विज्ञानप्रसाराच्या फळीवर न जाता कथासंग्रहांच्या फळीवर लागले. पुढे त्याला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कारही मिळाला.

आता कथांकडे वळतो. संग्रहातली सगळ्यांत समर्थ कथा कोणती, असे विचारले तर मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चे नाव घेईन. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतच्या लढाईचा निकाल वेगळा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असताना अपघातात सापडतात आणि वेगळ्याच भारतात जागे होतात. या भारतात १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे जिंकलेले आहेत. पुण्याहून निघालेली गाडी मुंबईच्या जवळ येते तेव्हा कंपनी सरकारची हद्द सुरू होते. इंग्रज आहेत, पण मुंबईसारख्या मोजक्या ठाण्यांपुरते. दिल्लीची पातशाही नामधारी उरलेली आहे, पेशव्यांनी युरोपातल्या विज्ञानाचे महत्त्व वेळीच ओळखून आपली विद्याकेंद्रे उभारली आहेत आणि विसाव्या शतकात देश आपल्या पायांनी लोकशाहीकडे चालत गेला आहे.

अशी स्वप्ने रंगवणे मराठी माणसाला अवघड नाही. पानिपताची सल आपल्या बोलण्यातच मुरलेली आहे. नारळीकरांचे वेगळेपण पुढच्या प्रसंगात दिसते. गंगाधरपंत टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात आणि भारताच्या इतिहासाचे पाच खंड मागवतात. पहिला खंड अशोकापर्यंतचा, दुसरा समुद्रगुप्तापर्यंत, तिसरा महंमद घोरीपर्यंत, चौथा औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत. तिथवर सगळे त्यांना ठाऊक असलेलेच. म्हणजे फाटा फुटला तो पाचव्या खंडात. मग ते पाचवा खंड दोन्ही टोकांकडून आत वाचत येतात, ओळखीचा इतिहास एका बाजूने आणि अनोळखी दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी ज्या एका क्षणी दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या तिथे येऊन थांबतात. हे वाचन इतिहासकाराचे असले तरी त्याची रीत गणितज्ञाची आहे. उत्तर कोणत्या दोन मर्यादांच्या आत दडले आहे ते ठरवायचे आणि मर्यादा जवळ जवळ आणत न्यायच्या. लेखकाने इथे एकही शास्त्रीय संज्ञा वापरलेली नाही, तरीही वैज्ञानिक विचार कसा चालतो ते वाचकाला ग्रंथालयातल्या एका टेबलावर पाहायला मिळते. संपूर्ण संग्रहात मला सर्वाधिक आवडलेला प्रसंग हाच.

तो क्षण अर्थातच विश्वासरावांचा. आपल्या इतिहासात त्यांना गोळी लागली आणि मराठी फौजेचा धीर खचला; या दुसऱ्या इतिहासात ती गोळी कानाजवळून निसटून गेली, फरक एका तिळाएवढा. याचा दाखला गंगाधरपंतांना ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त सापडतो आणि त्या बखरीतले एक फाटके पान त्यांच्या खिशात राहून जाते. परत आल्यावर राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ त्यांना उलगडा करून सांगतो. तो दोन गोष्टींचा आधार घेतो. एक, त्या काळात गणितात गाजत असलेला ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’चा विचार, म्हणजे अगदी लहान बदलामुळे एखादी व्यवस्था एकदम दुसऱ्याच स्थितीत कोसळणे, रने तोम यांचे त्यावरचे पुस्तक १९७२ सालचे, तेव्हा ही कल्पना किती ताजी होती याचा अंदाज यावा. दुसरी गोष्ट पुंजभौतिकीतली, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या शास्त्रातली, की इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही आणि म्हणून अनेक शक्यता एकाच वेळी वास्तव असू शकतात. उलगड्याचा हा भाग थोडा व्याख्यानाच्या अंगाने गेला आहे, पण बखरीचे पान समोर असल्यामुळे तो वाचवत नाही असे मात्र होत नाही.

या कथेतली आझाद मैदानाची जागाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मंचावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून, आजवर शेकडो सभांचे अध्यक्षपद भूषवलेले गंगाधरपंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात, कारण त्या भारतातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणांचा प्रकारच बंद करून टाकलेला असतो. पर्यायी इतिहास रंगवताना राजे, लढाया आणि सरहद्दी बदलून दाखवणे सोपे असते. सार्वजनिक सभेच्या शिष्टाचारासारखी बारीक गोष्ट बदलून दाखवली की ते जग खरे वाटू लागते, हे या नव्या लेखकाला पहिल्याच संग्रहात उमगलेले होते.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचा आवाका लहान, पण कल्पना फार देखणी आहे. डाव्याचे उजवे होणे, हा तिचा विषय. टेबलावर ठेवलेला कागदी कपट्याचा एखादा आकार टेबलावरच कितीही फिरवला तरी त्याचे आरशातले प्रतिबिंब तयार होत नाही. तो उचलून पालथा घातला की लगेच होते, कारण आपण त्याला तिसऱ्या मितीतून फिरवलेला असतो. मोबियसच्या पट्टीवरून, म्हणजे एक पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीवरून, एक फेरी मारून आलेला सपाट आकारही असाच उलटा होऊन परततो. मग आपल्यासारख्या त्रिमितीय वस्तूला चौथ्या मितीतून फिरवून आणता आले तर? डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होईल आणि माणसाचे हृदय उजवीकडे जाईल. भूमितीतला हा विचार क्रिकेटच्या मैदानापर्यंत आणि देवघरापर्यंत आणून सोडला आहे, ही लेखकाची करामत आहे.

इथे मराठी वाचकाला एक जादा गोष्ट मिळते, जी परप्रांतातल्या वाचकाला सहज मिळणार नाही. उजव्या सोंडेचा गणपती म्हटले की सिद्धटेक आणि प्रभादेवी आठवतात, त्याचे सोवळे कडक असते हे लहानपणापासून कानावर असते आणि अशी मूर्ती दुर्मिळ म्हणून तिच्याकडे वेगळ्या भावनेने पाहिले जाते. डाव्या-उजव्याचा भेद जगण्यात किती खोल गेलेला असू शकतो, याचे याहून घरगुती उदाहरण सापडणे कठीण आहे, आणि लेखकाने विज्ञान समजावण्यासाठी नेमके तेच निवडले. कथा मिटल्यावरही प्रश्न संपत नाहीत. आपल्या शरीरातली प्रथिने डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. तेव्हा अंतर्बाह्य उलट झालेल्या माणसाला आपला साधा वरणभात पचेल का, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांपुढे टाकून पाहावा. त्या वर्गात तासभर तरी शांतता राहणार नाही, अशी माझी खात्री आहे.

‘धूमकेतू’मध्ये लेखकाने नायक म्हणून बंगाली गृहस्थ घेतला आहे. दुर्बिणीत रात्री घालवणाऱ्या दत्तदांना एक नवा धूमकेतू सापडतो, त्यांचे नाव जगभर होते, आणि मग गणित सांगू लागते की तो पृथ्वीवर आदळणार आहे. त्यांच्या पत्नी इंद्राणीदेवींना धूमकेतू हे अरिष्टच वाटत आलेले असते. एकीकडे इंग्लंडमध्ये निवडक शास्त्रज्ञ अवकाशात अण्वस्त्रे पाठवून त्याची वाट वळवण्याची गुप्त आखणी करतात, तर दुसरीकडे दत्तदांच्या स्वतःच्या घरात शांतीसाठी यज्ञ मांडला जातो. संकट टळते. घरात मात्र ते यज्ञामुळेच टळले, अशी सगळ्यांची श्रद्धा असते आणि दत्तदा या दोन जगांमधले अंतर पाहून खिन्न होतात.

ही कथा आज वाचताना तिचे दोन्ही पदर जिवंत वाटतात. डायनोसॉर अवकाशातून आलेल्या आघातामुळे नष्ट झाले असावेत, ही अल्वारेझ पितापुत्रांची मांडणी १९८० सालची, म्हणजे या संग्रहानंतरची. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळताना जगाने १९९४ साली पाहिले. २०२२ साली ‘नासा’ने ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या लहानशा अवकाशीय दगडावर मुद्दाम आदळवून त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने कमी केला. धडक बसवून वाट बदलता येते हे त्यातून प्रत्यक्ष सिद्ध झाले. दुसरा पदर यज्ञाचा. नारळीकरांनी पुढे आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध भूमिका घेतली. २००८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सत्तावीस ज्योतिषांकडे पत्रिका देऊन सांख्यिकी चाचणी घेतली आणि त्यांची भाकिते ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीही बरोबर आली नाहीत. या सगळ्याचे मूळ ‘धूमकेतू’च्या शेवटच्या प्रसंगात आहे. तिथे उपहास नाही. ज्यांच्याशी मतभेद आहे त्यांच्याच घरात, त्यांच्याच मायेत राहणाऱ्या माणसाचे दुःख आहे, आणि म्हणून तो प्रसंग प्रचारकी होत नाही.

‘पुत्रवती भव’ ही कथा शीर्षकातच आपला रोख सांगते. मुलगाच हवा ही इच्छा विज्ञान पुरवू लागले तर समाजाचा तोल कसा जाईल, याचा तिच्यात विचार आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, हे लक्षात घेतले की कथेची दूरदृष्टी कळते. तिची रचना मात्र मला सरळसोट वाटली. शेवट कुठे जाणार ते मध्यावरच दिसू लागते.

आणि जिच्यापासून हे सारे सुरू झाले, त्या ‘कृष्णविवर’चे काय? प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या सान्निध्यात काळ संथ चालतो, हा सापेक्षतेचा निष्कर्ष तिच्या मुळाशी आहे. आज चित्रपटांमुळे हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १९७४ साली मराठी वाचकाला ते ऐकूनही माहीत नसण्याची शक्यता अधिक होती. पन्नास वर्षांनी तिच्यातला धक्का उरलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही ती वाचायला हवी, कारण एका गृहीतावर कथा उभी करायची, ते गृहीत मध्येच सोयीसाठी वाकवायचे नाही आणि त्याचा परिणाम माणसाच्या नात्यांपर्यंत नेऊन दाखवायचा, ही नारळीकरांची शिस्त तिथेच पहिल्यांदा दिसते. त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाने हीच शिस्त पाळली.

दोषांविषयी स्पष्ट बोलायला हवे, कारण तेही नवोदिताचेच आहेत. पहिला दोष संवादांचा. बहुतेक कथांत एक जाणकार आणि एक सामान्य माणूस समोरासमोर येतात आणि दुसरा प्रश्न विचारतो तो पहिल्याला समजावून सांगता यावे म्हणून. मासिकाच्या सर्वसाधारण वाचकाला सोबत न्यायचे, तर हे अटळ होते असे म्हणता येईल, पण त्यामुळे पात्रांची बोली एकमेकांसारखी होते. गंगाधरपंत आणि राजेंद्र देशपांडे यांची वाक्ये एकमेकांच्या तोंडी घातली तरी फारसे बिघडत नाही. दुसरा दोष स्त्रीपात्रांचा. त्या मोजक्या आहेत आणि ज्या आहेत त्या बहुधा घर, श्रद्धा आणि काळजी यांच्या बाजूला उभ्या आहेत. ज्या घरात गणिताच्या अभ्यासक स्त्रीने पहिल्या कथेची प्रत लिहून काढली, त्या घरातून आलेल्या संग्रहात एखादी संशोधक स्त्री मध्यवर्ती असती तर किती बरे झाले असते. तिसरी गोष्ट वर्णनांची. स्थळ, हवा, माणसाचा चेहरा यांवर लेखक रेंगाळत नाही. त्याला कल्पनेकडे पोहोचण्याची घाई असते. मौजेच्या इतर कथासंग्रहांची सवय असलेल्या वाचकाला ही भाषा कोरडी वाटेल. मला ती स्वच्छ वाटते, पण जिथे भय किंवा एकटेपणा दाखवायचा आहे तिथे ती अपुरी पडते, हेही खरे.

हे दोष पुढे काही अंशी कमी झाले. ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्यांत लेखकाला ऐसपैस जागा मिळाली आणि कल्पनेला माणसांचे वजन आले. पण कादंबऱ्यांत जे मिळत नाही ते या संग्रहात मिळते: एकामागून एक कल्पना, प्रत्येक वेगळ्या शास्त्रातली, प्रत्येक आपल्या ओळखीच्या एखाद्या वस्तूत रुजवलेली. बखर, गणपतीची मूर्ती, यज्ञ, आशीर्वादाचे दोन शब्द. परदेशी विज्ञानकथांची नक्कल करणारा लेखक हे करू शकला नसता. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथांनी मराठी विज्ञानकथा पुढच्या काळात अधिक पसरली आणि काही बाबतींत अधिक सखोलही झाली. जावडेकरांच्या कथांतली माणसे मला नारळीकरांच्या माणसांपेक्षा जवळची वाटतात. तथापि, या प्रकाराला मराठी मातीतली सामग्री पुरेशी आहे, हा विश्वास ‘यक्षांची देणगी’ने दिला.

खरेदीविषयी. सातवी-आठवीच्या पुढच्या कोणत्याही मराठी वाचणाऱ्या मुलाला हे पुस्तक द्यायला हरकत नाही. भाषा कुठेच अडत नाही आणि एकही कथा इतकी लांब नाही की मूल मध्येच सोडून देईल. ज्यांची मुले केंद्रीय मंडळाच्या शाळांत शिकतात, त्यांनी तर ते अवश्य घ्यावे, कारण अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गंगाधरपंतांची कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने आहे आणि अनेक मराठी मुले ती फक्त परीक्षेपुरती, तीही इंग्रजीतून वाचतात. मूळ मराठी कथा शेजारी ठेवून वाचली की पानिपत आणि बखर हे शब्द त्यांना टिपांशिवाय भिडतील. प्रौढ वाचकाने क्रमाने न वाचता आधी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’, मग ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आणि ‘धूमकेतू’ वाचावी. ‘कृष्णविवर’ त्यानंतर घ्यावी, म्हणजे स्पर्धेच्या परीक्षकांना जगतापांच्या त्या पहिल्या कथेत काय दिसले असेल, ते ताडून पाहता येईल.